क्रीडावैद्यकाकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी थोडा इतिहास



जयपूरहून आग्र्याकडे जाणाऱ्या महामार्गावर बस्सी हे गाव लागते. त्या परिसरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याच्या प्रश्नावरून हे टिपण लिहायला घेतले. त्याला क्रीडावैद्यकात, म्हणजे स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये, काम करायचे आहे. तो स्वतः धावपटू, पण नडगीच्या दुखण्याने बरेच महिने मैदानाबाहेर. 'नीट' दिली नाही, इंजिनिअरिंगला आलो, मग आता हे दार बंद झाले का, असे तो विचारतो. तुमच्यापैकी काहींच्या मनात हाच प्रश्न असेल. उत्तर देण्याआधी हे शास्त्र कुणी आणि कोणत्या गरजेतून उभे केले ते पाहू.

नडगीपासूनच सुरुवात करू. आमच्याकडे पहाटे रस्त्यावर मुले धावताना दिसतात. सैन्यभरतीत सोळाशे मीटरची धाव असते, तिची ही तयारी. पायात स्वस्त बूट, खाली डांबर, आणि भरतीची तारीख जवळ आली की अंतर एकदम दुप्पट. दोन-तीन आठवड्यांत नडगी किंवा पाऊल दुखू लागते. हे दुखणे नवे नाही. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या डॉक्टरने लांब कूच करणाऱ्या सैनिकांची पावले सुजतात अशी नोंद केली. कारण त्याला दिसणे शक्य नव्हते. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. त्यानंतर १८९७ मध्ये स्टेखोव्हने दाखवले की अशा पावलांतले हाड मोडलेले असते. एकही मोठा आघात झालेला नसताना!

ब्राइटहाउप्टच्या नोंदीनंतर थोड्याच वर्षांत त्याच प्रशियात ऑगस्ट वोलर हा अभियंता रेल्वेचे आस का तुटतात याचा अभ्यास करत होता. एका वेळी सहज पेलता येणारा भार लाखो वेळा आला की पोलाद तुटते, हे त्याने प्रयोगांनी सिद्ध केले. आपण फटीग या प्रकरणात शिकतो तो आलेख त्याच कामातून आला. सैनिकाचे पाऊल आणि रेल्वेचा आस, दोन्हींचे दुखणे एका जातीचे. फरक इतकाच, आणि तो फार मोलाचा, की हाड जिवंत असल्यामुळे विश्रांती मिळाली तर ते स्वतःची डागडुजी करते. म्हणून धावण्याचे अंतर हळूहळू वाढवायचे असते. सुरुवातीच्या दिवसांत असा तडा साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही; 'एक्स-रे चांगला आहे, धाव' असे सांगणाऱ्या प्रशिक्षकाकडून मुलाचे नुकसान होते ते यामुळे.

संघटित शास्त्र म्हणून क्रीडावैद्यकाची सुरुवात सहसा १९२८ पासून धरतात. त्या वर्षी सेंट मॉरिट्झच्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी जमलेल्या डॉक्टरांनी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. आपल्याकडे पैलवानाचे शरीर जाणणारी माणसे त्याआधीपासून होती. तालमीतला वस्ताद, मालीश करणारा, हाडवैद्य ही सगळी एका परीने याच कामातली. त्यांच्या हाताला अनुभव होता, पण नोंद नव्हती, आणि स्पर्धेच्या नियमांशी तर त्यांचा संबंधच नव्हता.

ही उणीव किती महागात पडते ते खाशाबा जाधवांच्या बाबतीत दिसते. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ मध्ये लंडनला गेला, तेव्हा लाल मातीऐवजी पायाखाली मॅट होती. तरी सहावा क्रमांक. १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या स्पर्धेत जपानच्या इशीबरोबरची लांबलेली कुस्ती संपताच त्यांना सोव्हिएत मल्ल मामदबेयोव्हशी लढायला उभे केले गेले. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता, पण तो बजावून सांगायला त्यांच्या बाजूने कुणी अधिकारी तिथे हजर नव्हता. त्या अर्ध्या तासाकडे सवलत म्हणून पाहू नका. दमलेल्या स्नायूला पुन्हा जोर लावता येण्यासाठी लागणारा तो वेळ आहे, आणि तो मागून घेणे हेही संघाच्या डॉक्टरचे काम असते. पुढे मेलबर्न ऑलिंपिकच्या आधी गुडघ्याच्या दुखापतीने खाशाबांचा ऑलिंपिकचा रस्ता बंद झाला. आज ज्या गुडघ्यावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते, त्यापुढे तेव्हा मल्लाला फारसा इलाज नव्हता.

खाशाबा लंडनला होते त्याच १९४८ च्या उन्हाळ्यात, ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशी, २९ जुलैला, स्टोक मॅन्डेव्हिल रुग्णालयाच्या आवारात एक छोटी स्पर्धा झाली. डॉ. लुडविग गुटमान यांनी मणक्याला इजा झालेल्या १६ सैनिक स्त्री-पुरुषांना चाकाच्या खुर्चीत बसवून तिरंदाजीला उतरवले होते. इथे विचार उलटा झाला. आतापर्यंत खेळाडूला औषध देत होते. गुटमान खेळच औषध म्हणून देऊ लागले. या धाग्याचे एक टोक सांगली जिल्ह्यात आहे. पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात ईएमईमध्ये होते आणि मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात राहिली आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. मुंबईच्या नौदल रुग्णालयात, 'अश्विनी'त, उपचार म्हणून ते पोहू लागले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्ण मिळवले. तिथवरचा रस्ता रुग्णालयातल्या उपचारातून सुरू झाला होता.

आता जयपूरकडे येऊ, कारण आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथे, सवाई मानसिंह रुग्णालयात आहे. १९६० च्या दशकात तिथले अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या लक्षात आले की कृत्रिम पाय बसवून गेलेले रुग्ण पुन्हा कुबड्यांवर दिसतात. तेव्हाचे प्रचलित 'सॅच' पाऊल पाश्चात्य माणसासाठी बेतलेले होते. आत लाकडाचा ताठ तुकडा, टाचेला मऊ फोम, वरून बूट हवाच. उकिडवे बसता येत नाही, मांडी घालता येत नाही, चिखलात जाता येत नाही आणि देवळात बूट काढावा लागतो. दोष रुग्णांच्या आळसात शोधणे सोपे होते. सेठींनी तो पावलाच्या रचनेत शोधला.

उत्तर मिळाले ते रामचंद्र शर्मा यांच्याकडून. ते कारागीर, रुग्णालयातल्या रुग्णांना हस्तकला शिकवायला आलेले आणि सगळ्यांचे मास्टरजी. औपचारिक शिक्षण जेमतेम प्राथमिक. ट्रकच्या टायरला रबर चढवतात त्या रीतीने पाऊल ओतून पाहिले गेले. १९६८ च्या सुमारास तयार झालेल्या 'जयपूर फूट'मध्ये टाच आणि पुढचा भाग सच्छिद्र हलक्या रबराचे, घोट्याशी लाकूड, आणि सगळ्यावर रबराचे कातडे साच्यात भाजून घट्ट केलेले. ठोकळे वेगवेगळे असल्यामुळे पाऊल वर-खाली आणि आजूबाजूलाही वाकते. खडबडीत शेतात चालणाऱ्याला नेमके तेच लागते. पाणी लागत नाही, बूट लागत नाही. सेठींनी त्याचे पेटंट घेतले नाही. १९७५ पासून भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हा पाय मोफत बसवायला सुरुवात केली आणि १९८१ मध्ये सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजींचे नाव मात्र अजूनही अनेकदा दुसऱ्या ओळीत येते; मला ते खटकते.

अभियंता म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. जयपूर फूट चालण्यासाठी उत्तम, वेगाने धावण्यासाठी नव्हे. रबर दाबले की ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेत जातो. अमेरिकेत व्हॅन फिलिप्स यांनी १९८० च्या दशकात कार्बन तंतूंचे वाकडे पाते केले. ते स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवते आणि परत देते. पॅरालिम्पिकमध्ये दिसणारी पाती त्याच वंशातली. कोणते पाऊल चांगले, याला एकच उत्तर नाही. आधी त्या माणसाला उद्या काय करायचे आहे ते विचारावे लागते.

तेव्हा दार बंद आहे का? एक दार बंद आहे, हे स्पष्ट सांगतो. निदान करणे, औषध देणे, शस्त्रक्रिया करणे यांसाठी एमबीबीएसची साडेपाच वर्षे आणि पुढे तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी लागते. त्याला पळवाट नाही. सहा आठवड्यांचे ऑनलाइन प्रमाणपत्र घेऊन 'क्रीडावैद्यक तज्ज्ञ' अशी पाटी लावणाऱ्यांपासून दूर राहा. फिजिओथेरपी हा वेगळा, पूर्ण वेळेचा अभ्यासक्रम आहे. पण कृत्रिम अवयव आणि आधारपट्टे यांचे शास्त्र मुंबईत हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत शिकता येते. यंत्र अभियांत्रिकीनंतर बायोमेकॅनिक्स किंवा बायोमेडिकल या विषयांत एम.टेक. करता येते. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून आहे, दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात २०१० पासून क्रीडा दुखापत केंद्र चालते. अशा ठिकाणी चालण्या-धावण्याचे मोजमाप करणारी माणसे लागतात, आणि ती सगळी डॉक्टर नसतात.

तोवर शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी एक विषय सुचवतो. बुटाच्या तळव्यात दाब मोजणारे चार-पाच स्वस्त संवेदक बसवा. एकाच धावपटूला डांबरावर, मातीवर आणि गवतावर धावू द्या आणि दर पावलाचा भार नोंदवा. त्याची लेखी संमती घ्या, आणि ज्याला आधीच दुखते आहे त्याला धावायला लावू नका.