पालेकर, अमोल
(२४ नोव्हेंबर १९४४ – ). मराठी-हिंदी रंगभूमी व चित्रपटांतील अभिनेते आणि दिग्दर्शक. जन्म मुंबईत. शिक्षण जे. जे. कलाशाळेत, चित्रकलेचे. बँकेत नोकरी करत असतानाच सत्यदेव दुबे यांच्यामुळे ते रंगभूमीकडे वळले आणि १९७२ मध्ये त्यांनी चित्रा पालेकरांसह ‘अनिकेत’ ही नाट्यसंस्था काढली.

बासू चॅटर्जींच्या ‘रजनीगंधा’ने (१९७४) त्यांना देशभर ओळख दिली. ‘छोटी सी बात’ व ‘चितचोर’ (दोन्ही १९७६) यांतला संकोची, साधा मध्यमवर्गीय तरुण प्रेक्षकांना आपल्यातलाच वाटला. ‘गोलमाल’मध्ये (१९७९) मिशीवाला रामप्रसाद आणि बिनमिशीचा लक्ष्मणप्रसाद हा एकच माणूस आहे, पण मिशी काढताच त्याची चाल, आवाज, उभे राहण्याची ढब सारे बदलते. ही तालीम रंगमंचावरची. या भूमिकेला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. श्याम बेनेगलांच्या ‘भूमिका’तला (१९७७) पत्नीच्या कमाईवर जगणारा केशव दळवी मात्र याहून मोलाचा. भला माणूस ही स्वतःची प्रतिमा त्यांनी त्यात बेधडक मोडली.

‘आक्रीत’पासून (१९८१) ते दिग्दर्शनात आले. मानवत हत्याकांडावरील या चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकरांची होती. पुढे ‘अनकही’ (१९८५), व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीवरील ‘बनगरवाडी’ (१९९५), र. धों. कर्वे यांच्यावरील ‘ध्यासपर्व’ (२००१), ‘पहेली’ (२००५) हे चित्रपट त्यांनी केले. २०१९ मध्ये ‘कुसूर’ या हिंदी नाटकातून ते पुन्हा रंगमंचावर उभे राहिले.