नगर वसविणारे आणि त्यांचे गुरुजन

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आम्हांस विषय दिला तो नगरे वसविणाऱ्या व घरे बांधणाऱ्या पुरुषांचा. त्यांच्या चरित्रांतून आपल्या तरुणांनी काय घ्यावे, हे लिहावे अशी त्यांची आज्ञा. आमचे आयुष्य खडू आणि फळा यांच्या संगतीत गेले. एक वीटही आम्ही कधी रचली नाही. तेव्हा हे काम आमच्या अधिकाराबाहेरचे, असे प्रथम वाटले. परंतु अलीकडे ज्ञातीतील अनेक मुले स्थापत्याची पदविका घेऊन बाहेर पडतात, कोणी जागांच्या खरेदी-विक्रीत शिरतात, आणि त्यांचे आईबाप आमच्याकडे येऊन एकच प्रश्न विचारतात, “मास्तर, याला कोणाच्या हाताखाली ठेवावे?” या प्रश्नाचे उत्तर इतिहासात सापडते काय, एवढेच पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इतिहास आपल्या डोळ्यांसमोरचाच घेऊ, मुंबईचा. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. हा पैसा कोठे गुंतवावा हे कोणाला सुचेना, तेव्हा समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. त्यांत सर्वांत गाजली ती बॅकबेची कंपनी, आणि त्या काळाचा सर्वांत मोठा पुरुष म्हणजे शेठ प्रेमचंद रायचंद. जमीन अजून पाण्याखालीच होती, परंतु तिचे शेअर हातोहात विकले जात. ज्या पेढ्यांनी हात आखडता घ्यावयाचा, त्याच शेअर तारण ठेवून कर्जे देऊ लागल्या. १८६५ साली युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि त्याबरोबर सारा डोलारा खाली आला. कंपन्या बुडाल्या, बँक ऑफ बॉम्बेही तीतून वाचली नाही, आणि समुद्र होता तेथेच राहिला.

प्रेमचंद शेठजींना दोष देऊन मोकळे होणे न्यायाचे नव्हे. हा पुरुष उदार होता. विश्वविद्यालयाच्या ग्रंथालयास व मनोऱ्यास त्यांनी प्रत्येकी दोन लाख रुपये दिले. १८७८ साली पुरा झालेला तो मनोरा त्यांनी स्वतःच्या नव्हे, आपल्या मातेच्या नावे केला. राजाबाई टॉवर तो हाच. बुद्धी होती, धाडस होते, दातृत्वही होते. मग कमी काय होते? आमच्या अल्पमतीस असे वाटते की, त्या तीन-चार वर्षांत मुंबईत ‘आता पुरे’ असे म्हणणारे आणि ज्याचे म्हणणे ऐकले जाईल असे वडील माणूसच उरले नव्हते. जे वडील होते तेही शेअर घेऊन बसले होते.

यानंतर तीस वर्षांनी शहरावर दुसरे संकट आले. १८९६ साली मांडवी भागात प्लेग आहे, हे गोव्याचे सुपुत्र डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी ओळखले. अंधाऱ्या खोल्या, तुंबलेली गटारे आणि एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे, अशा वस्तीत रोगाला आवर कोण घालणार? लोक गावाकडे पळाले. सरकारने १८९८ साली कायदा करून सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने गलिच्छ वस्त्या पाडल्या, प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले, गावदेवी आणि पुढे दादर-माटुंगा येथे नवे भूखंड आखले. परंतु जितकी घरे पाडली तितकी बांधली गेली नाहीत. रस्ता रुंद झाला, पण चाळीतील कारकुनास त्याचा उपयोग काय? भूखंड घेण्याइतका पैसा त्याच्यापाशी नव्हता आणि भाड्याच्या खोलीत त्याची छाती दडपत होती.

अशा कारकून माणसांतच आपल्या कथेचा खरा नायक होता. उत्तर कानडा जिल्ह्यातून चित्रापूर सारस्वत ज्ञातीची पुष्कळ कुटुंबे नोकरीनिमित्त मुंबईस आली होती. ही ज्ञाती आपली नव्हे, हे येथे स्पष्ट सांगतो. चांगले उदाहरण दुसऱ्याच्या घरचे असले म्हणून त्याचा मान कमी होत नाही. या ज्ञातीत शामराव विठ्ठल कैकिणी नावाचे एक वकील होते. स्वतःपुरते न पाहता ज्ञातीतील गरिबांच्या शिक्षणाची व उन्नतीची चिंता वाहणारे, अशी त्यांची ख्याती. श्रीपाद सुब्राव तालमकी, जे पुढे रावबहादूर झाले, ते त्यांचे शिष्य.

१९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. तो मुख्यतः खेड्यातील कर्जबाजारी शेतकऱ्यासाठी होता. परंतु शहरातील पगारदारही सावकाराच्या वहीत तितकाच अडकलेला आहे, हे तालमकींनी ओळखले आणि २७ डिसेंबर १९०६ रोजी मुंबईत एक सहकारी पतसंस्था काढली. तिला नाव दिले ते आपल्या गुरूचे, शामराव विठ्ठल. आज तीच संस्था मोठी बँक म्हणून देशभर ओळखली जाते. योगायोग असा की, प्रेमचंद शेठजी निवर्तले तेही याच १९०६ साली. एका युगाचा अस्त आणि दुसऱ्याचा उदय एकाच वर्षी झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे १९१२ साली कायदा विस्तारला आणि कर्जाखेरीज इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढण्याची मुभा मिळाली. तालमकींनी लगेच घराचा प्रश्न हाती घेतला. १९१५ साली गावदेवीस सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. आपल्या देशातील सहकारी गृहनिर्माणाचा आरंभ येथून धरतात. तिची रचना तरुण वाचकांनी नीट समजून घ्यावी. ट्रस्टकडून जमीन दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घ्यावयाची. सभासदांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे भाग घ्यावयाचे आणि उरलेली रक्कम संस्थेने कर्जाऊ उभी करावयाची. इमारत संस्थेची; सभासद हा एका परीने तिचा मालक व दुसऱ्या परीने तिचा भाडेकरू. दरमहा भाडे भरावयाचे, त्यातून कर्ज फेडावयाचे आणि दुरुस्तीचा निधी बाजूस काढावयाचा. सोडून जाणाऱ्याने आपला भाग परत घ्यावा. खोल्या बाजारात चढ्या भावाने विकून नफा करावयाचा नाही.

बॅकबेच्या कंपनीशी ही ताडून पाहा. तेथे जमीन नव्हती आणि भाव होता. येथे घर होते, पण बाजारभावास दारातच मज्जाव होता. पन्नास वर्षांत मुंबईने घेतलेला हा धडा लहानसहान नव्हे.

तालमकींनी गावदेवीवरच काम थांबविले नाही. सहकाराचा प्रचार हेच त्यांचे जीवितकार्य झाले. एका ज्ञातीने घालून दिलेला कित्ता मग इतरांनी गिरविला. ताडदेव येथे वसाहत उभी राहिली तिला लोकांनी तालमकीवाडी हे नाव दिले. शिष्याने संस्थेला गुरूचे नाव दिले आणि लोकांनी वाडीला शिष्याचे. आजकाल पाया खणण्यापूर्वीच मालकाच्या नावाची पाटी झळकते, त्या काळात राहणाऱ्या आम्हांस ही गोष्ट पुनःपुन्हा सांगावीशी वाटते.

याच सुमारास दादरकडे दुसरे एक उदाहरण घडत होते. मंचेरजी एडलजी जोशी हे पारशी स्थापत्य अभियंता. मध्यम स्थितीतील आपल्या बांधवांस शहरात जागा परवडत नाही हे पाहून त्यांनी ट्रस्टच्या अधिकाऱ्यांचे मन वळविले आणि दादरच्या योजनेत १०३ भूखंड पारशी कुटुंबांसाठी राखून घेतले. दादर पारशी कॉलनी ती हीच. कोणत्या रस्त्यावर कोणती झाडे लावावी, येथपर्यंत त्यांनी लक्ष घातले. तेथील सावलीतून चालणाऱ्याने त्यांचे स्मरण करावे. ते मोठे भांडवलदार नव्हते. त्यांच्यापाशी होती ती विद्या, आणि ती विद्या स्वकीयांच्या कामी आणण्याची कळकळ.

आता वाचकांची क्षमा मागून थोडे स्वतःविषयी लिहितो. कारण इतरांचे गुण सांगून आपला दोष झाकणे शिक्षकास शोभत नाही. १९८७ साली ज्ञातीतील आम्ही अठरा कुटुंबांनी मिळून उपनगरापलीकडे एक जमीन घेऊन सोसायटी काढण्याचे ठरविले. हिशेब आमच्याकडे होता. ज्ञातीत तेव्हा एक वृद्ध गृहस्थ होते. सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून तीस वर्षे काढलेले, बोलण्यात तिखट. त्यांना आम्ही बैठकीस बोलाविलेच नाही. ते होऊन आले. कागद चाळून त्यांनी एवढेच विचारले, “मास्तर, सातबाऱ्यावर आणखी तीन नावे आहेत. त्यांच्या सह्या कोठे आहेत?” आम्ही म्हणालो, “होतील.” ते उठून गेले. त्यांच्या मागे कोणी हसले, कोणी ‘अपशकुनी’ म्हणाले, आणि आम्ही त्यांस थांबविले नाही. पुढच्याच आठवड्यात बयाणा दिला.

त्या तीन नावांच्या वारसांनी दावा लावला. अकरा वर्षांनी मुद्दल परत मिळाले, व्याज नाही. तोवर जागांचे भाव इतके चढले होते की, त्या रकमेत अठरांपैकी कोणालाच तेथे खोली घेता आली नाही. एका विधवा भगिनीने त्यात आपले स्त्रीधन मोडून पैसे घातले होते. त्या आजही संमेलनात भेटतात आणि कधी एक शब्द बोलत नाहीत. तालमकींपाशी जो गुरू होता तसा आम्हांसही लाभला होता; तो आपल्या पायांनी चालत दारी आला होता. आम्ही त्यास पाट दिला नाही.

म्हणून आईबापांच्या प्रश्नास आमचे उत्तर असे. मुलाला अशा माणसाच्या हाताखाली ठेवा, जो त्यास ‘नाही’ म्हणेल. पाठ थोपटणारे पुष्कळ मिळतात; कागद पुन्हा वाचावयास लावणारा क्वचित मिळतो. सातबारा, फेरफार, मालमत्तापत्रक हे पाहणे, मोजणी पाहणे आणि पायाच्या खड्ड्यात स्वतः उतरून मुरूम लागला की नाही हे पाहणे, ही विद्या पुस्तकात अर्धीच असते. १९६३ साली सदनिकाधारकांच्या रक्षणाचा कायदा झाला, २०१६ साली स्थावर संपदेचा केंद्रीय कायदा आला आणि २०१७ पासून महाराष्ट्रात महारेराचे काम चालू झाले. कायदे उत्तम आहेत. परंतु कायदा झाल्या चुकीचा न्याय करतो. चूक होण्याआधी हात धरावयास माणूसच लागतो.

दुसरी गोष्ट किंचित नाजूक आहे. आपल्या मंडळात ‘फक्त आपल्या ज्ञातीसाठी’ सोसायटी काढावी, अशी सूचना पुन्हा आली आहे. असे सभासदत्व मर्यादित करणारे पोटनियम गुजरातेतील एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली मान्य केले, हे खरे. परंतु जे कायद्यास चालते ते सर्वच शोभते काय? आम्ही स्वतः मुंबईत खोली शोधत फिरलो तेव्हा ‘तुमच्यातले नकोत’ हे वाक्य ऐकून जिने उतरलो आहोत. तेच वाक्य उद्या आपल्या फाटकावरून कोणी ऐकावे, हे आमच्या मनास पटत नाही. शंभर वर्षांपूर्वी परक्या शहरात आलेल्या माणसास ज्ञातीखेरीज जामीन नव्हता, म्हणून आरंभ ज्ञातीत झाला. त्या आरंभातून निघालेल्या पद्धतीवर आज महाराष्ट्रात लाखाहून अधिक गृहनिर्माण संस्था चालतात, आणि त्यांत सर्व जातिधर्मांची माणसे शेजारी नांदतात. तालमकींच्या कार्याचे खरे फळ हेच होय. आरंभ घरापासून करावा. शेवट उंबरठ्यावर करू नये.

शेवटी मंडळास एक विनंती. दरवर्षी आपण गुणवंत विद्यार्थ्यांस बक्षिसे देतो, टाळ्या वाजवितो आणि घरी जातो. यंदापासून त्याच समारंभात एक वही ठेवावी. ज्ञातीतील निवृत्त अभियंते, सर्व्हेअर, वकील, बँकेतील अधिकारी, मुकादम आणि गवंडीसुद्धा, यांनी तीत आपली नावे लिहावीत आणि प्रत्येकाने एकेका तरुणास दोन वर्षे हाताखाली घ्यावे. मंडळास यात खर्च नाही. सोसायटीच्या सूचनेचे कागदही आधी या मंडळींपुढे ठेवावेत, आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत कोणाकडूनही एक रुपया घेऊ नये.

बांधकाम आम्हांस येत नाही; सबब त्या वहीत आमचे नाव शिकविणाऱ्यांत बसणार नाही. परंतु हिशेब कसा ठेवू नये आणि वडील माणसास दारातून कसे परतवू नये, एवढे सांगण्याचा अधिकार आम्ही मोठी किंमत देऊन मिळविला आहे. कोणा तरुणास ते ऐकावेसे वाटल्यास त्याने अवश्य यावे. ज्ञातिबंधूंचे व भगिनींचे कल्याण असो, असे चिंतून लेख पुरा करतो.