शिफ्रिन, लालो
(२१ जून १९३२ – २६ जून २०२५). अर्जेंटिनात जन्मलेले अमेरिकन संगीतकार व जॅझ पियानोवादक. जन्म ब्वेनस आयर्स येथे, व्हायोलिनवादकाच्या घरी. पॅरिसच्या संगीत विद्यालयात ऑलिव्हिए मेसियां यांच्याकडे शिक्षण. रात्री मात्र ते क्लबांत जॅझ वाजवत. पुढे डिझी गिलेस्पी यांच्या वाद्यवृंदात पियानोवादक.

पाच मात्रांच्या ठेक्यावरची ‘मिशन: इम्पॉसिबल’ (१९६६) या दूरचित्रवाणी मालिकेची धून जगभर पोहोचली, पण त्यांची खरी ताकद चित्रपटांत दिसते. ‘बुलिट’मध्ये (१९६८) सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर मोटारी एकमेकींचा माग काढतात, तोवर बास आणि ब्रास ताण चढवत नेतात. प्रत्यक्ष पाठलाग सुरू होताच संगीत थांबते; उरतो फक्त इंजिनांचा आणि टायरांचा आवाज. कुठे गप्प राहायचे हे कळणारे संगीतकार थोडेच. ‘डर्टी हॅरी’त (१९७१) ड्रम, इलेक्ट्रिक बास व खुन्यासाठी शब्दहीन स्त्रीस्वर आहेत, तर ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये (१९७३) फंक गिटारीला पौर्वात्य सुरावटींची जोड, हे पौर्वात्यपण अर्थात हॉलिवुडी. त्यांना २०१८ मध्ये मानद ऑस्कर मिळाले.