फोर्ट ॲटकिन्सन: शत्रू ताटात होता

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात, फोर्ट कॅल्हून नावाच्या गावाजवळ फोर्ट ॲटकिन्सन हे ऐतिहासिक उद्यान आहे. कधी गेलात तर उत्खननाच्या आधारे पुन्हा उभारलेल्या लाकडी बराकी दिसतील, मधोमध कवायतीचं मैदान दिसेल. या किल्ल्यावर कधीच हल्ला झाला नाही. तरीही फौजेने इथे काढलेल्या पहिल्याच हिवाळ्यात दीडशेहून जास्त सैनिक मेले. मग मारलं कोणी?

१८१९ साली कर्नल हेन्री ॲटकिन्सन सुमारे अकराशे सैनिक घेऊन मिसूरी नदीतून वर निघाले. फरच्या व्यापारातला ब्रिटिशांचा प्रभाव मोडायचा आणि नदीकाठच्या मूळ रहिवाशांवर वचक बसवायचा, हा हेतू. पण कंत्राटाने घेतलेल्या वाफेच्या बोटी इथवर पोचल्याच नाहीत. सैनिक पोचेपर्यंत शरद ऋतू उजाडला होता, पेरणीचे दिवस कधीच सरले होते. त्यांनी नदीकाठच्या सखल जमिनीवर तळ ठोकला. खायला काय, तर टिकवलेलं मांस आणि पाव.

आता जरा जीवशास्त्र. बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. आपल्याला ते जमत नाही, कारण त्यासाठी लागणारं जनुक माणसात निकामी झालंय. शरीरातला साठा साधारण दोन-तीन महिने पुरतो. कोलॅजेन हे प्रथिन त्वचा, हिरड्या आणि रक्तवाहिन्यांना धरून ठेवतं, आणि ते घट्ट विणायला हे जीवनसत्त्व लागतं. ते संपलं की हिरड्यांतून रक्त येतं, दात हलतात, जुन्या जखमाही उघडतात. हाच स्कर्व्ही. शरदात ताजं खाणं बंद झालं आणि जानेवारी-फेब्रुवारीत माणसं कोसळू लागली. हिशोब अगदी जुळतो ना?

उपाय अज्ञात नव्हता. जेम्स लिंडने १७४७ मध्येच जहाजावर लिंबू-संत्र्यांचा प्रयोग केला होता आणि १७९५ पासून ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस दिला जात होता. पण माहिती असणं वेगळं आणि ती गोष्ट गोठलेल्या नदीच्या वरच्या टोकाला पोचवणं वेगळं. वसंतात रानकांदे आणि हिरवा पाला मिळू लागला, तेव्हा कुठे आजारी सावरू लागले.

जून १८२० मध्ये पुराने तो तळ बुडवला आणि फौज टेकडीवर आली. म्हणजे आज तुम्ही जो किल्ला पाहता तो दुसरा. माणसं मेली ती खाली. टेकडीवर मात्र सैनिकांनी बंदुकीइतकाच नांगरही चालवला. भाजीचे मळे, मक्याची शेतं, गुरं. इतकं की १८२६ मध्ये तपासणीला आलेल्या जॉर्ज क्रोगन यांनी तक्रार केली: हे सैनिक कमी आणि शेतकरी जास्त झालेत! पुढच्याच वर्षी, १८२७ मध्ये, फौजेने किल्ला सोडला.

क्रोगन यांचं लष्करी गणित कदाचित बरोबर असेल. पण त्या शेतांमागे दीडशेहून जास्त मृत्यू होते, हे त्या तक्रारीत कुठेच दिसत नाही. म्हणून तिथे गेलात तर बराकी नक्की बघा, पण टेकडीच्या कडेला उभं राहून खालच्या सखल जमिनीकडेही एकदा नजर टाका. नदी आता तिथून लांब सरकली आहे. पुन्हा काही उभारलेलं नसलं, तरी या किल्ल्याची खरी गोष्ट तिथेच सुरू होते.