ताज्या अंकाची समीक्षा : वेताळाचे वाचक आणि अपूर्णाचा मूल्यनिर्णय

१

साहित्यकृती पूर्ण झाली की समीक्षेचे काम सुरू होते, असे आपण सहसा गृहीत धरतो. कृतीचा आकृतिबंध, तिची एकात्मता, तिच्यातील घटकांचे परस्परसंबंध या सर्व संकल्पना समोर असलेल्या पूर्ण संहितेवर विसंबून असतात. क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या लेखनाचा वाचक मात्र पूर्णतेची वाट पाहत नाही. हाती आलेल्या अंकाबद्दल तो लगेच मत देतो, मागच्या अंकाशी त्याची तुलना करतो आणि पुढच्या अंकाविषयी भाकीत करतो. पुढचा अंक आला की स्वतःचेच मत तो बदलतो किंवा अधिक ठाम करतो. या व्यवहाराला ‘अपूर्णाची समीक्षा’ म्हणता येईल. सुपरहिरोंच्या कॉमिक्सचे चाहते नव्या अंकावर जी चर्चा करतात ती या समीक्षेचे विसाव्या शतकातील सर्वांत संघटित रूप होय.

हा व्यवहार मराठी वाङ्मयेतिहासाला अपरिचित असण्याचे कारण नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये ‘पुणेवैभव’मधून क्रमशः आली आणि ‘पण लक्ष्यांत कोण घेतो!’ १८९० पासून ‘करमणूक’मधून. यमूची कहाणी ऐकणारा पहिला वाचक आठवड्याच्या अंतराने ती ऐकत होता. आपली समीक्षा मात्र ती ग्रंथरूपातच वाचते. वोल्फगांग इझर यांनी १९७६ च्या आपल्या वाचनप्रक्रियाविषयक ग्रंथात एका गोष्टीकडे लक्ष वेधले आहे : एकोणिसाव्या शतकातील वाचकांना तीच कादंबरी ग्रंथापेक्षा हप्त्याहप्त्याने वाचताना पुष्कळदा अधिक चांगली वाटे. हप्त्यांमधील खंड हा संहितेचा दोष नसून वाचकाच्या कल्पनेला मिळालेला अवकाश आहे, हा त्याचा अर्थ. चित्रकथेत हा अवकाश दुहेरी होतो. एक रिकामी जागा दोन चौकटींच्या मध्ये असते, दुसरी दोन अंकांच्या मध्ये. पहिलीचे विवेचन स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ मध्ये केले. दुसरीचा इतिहास बव्हंशी चाहत्यांनीच घडवला.

२

अमेरिकेत हा इतिहास छापील आहे, म्हणून तो सांगता येतो. तेथील विज्ञानकथांच्या मासिकांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून वाचकांची पत्रे छापली. त्या पत्रांतून वाचक एकमेकांना सापडले आणि त्यांनी स्वतःची हस्तमुद्रित पत्रे काढली. १९३२ मध्ये असे पत्र काढणाऱ्यांत जुलियस श्वार्ट्झ हा तरुण होता. पुढे तोच सुपरहिरोंच्या कॉमिक्सचा संपादक झाला आणि १९६० च्या सुमारास त्याने पत्रलेखकांची नावे पूर्ण पत्त्यांसह छापण्यास सुरुवात केली. पत्ता छापणे ही कृती दिसायला क्षुल्लक, पण तिच्यामुळे एकेकटा वाचक समुदायाचा घटक झाला. मार्च १९६१ मध्ये जेरी बेल्स यांनी रॉय टॉमस यांच्या साहाय्याने ‘आल्टर ईगो’ हे चाहत्यांचे नियतकालिक काढले. टॉमस हे तेव्हा मिसूरी राज्यातील तरुण वाचक. १९६५ मध्ये ते मार्व्हल प्रकाशनात लेखक झाले व १९७२ मध्ये मुख्य संपादक. वाचक, पत्रलेखक, समीक्षक, लेखक, संपादक असा हा प्रवास एका पिढीतच पूर्ण झाला.

या समीक्षेचे निकष कोणते होते? सर्वांत ठळक निकष सलगतेचा. ‘फँटॅस्टिक फोर’च्या १९६२ मधील तिसऱ्या अंकापासून मार्व्हलने वाचकांचे पान सुरू केले. कथेतील विसंगती दाखवणाऱ्या वाचकाला पुढे एक विनोदी पारितोषिक मिळू लागले, ते म्हणजे काहीच न देण्याचे पारितोषिक. विजेत्याला रिकामे पाकीट पाठवले जाई. पुढे त्याचा नियम बदलला. केवळ चूक दाखवणे पुरेसे राहिले नाही. ती चूक नसून तिच्यामागे कारण होते, असे स्पष्टीकरण जुळवून देणाऱ्याला ते मिळू लागले. दोषदर्शनाकडून दोषपरिहाराकडे गेलेला हा प्रवास आपल्या टीकाकारांच्या परंपरेला ओळखीचा वाटावा. आधीच्या वचनाशी नंतरचे वचन विरोधी दिसले तर दोहोंची संगती लावणे, हे भाष्यकाराचे जुनेच काम आहे.

उंबेर्तो एको यांनी १९६२ मध्ये सुपरमॅनवर लिहिलेल्या निबंधात याच्या मुळाशी असलेला पेच मांडला होता. पुराणकथेतील नायकाची कथा घडून गेलेली असते. कादंबरीच्या नायकाला काही घडते आणि तो आयुष्य खर्चत पुढे जातो. सुपरहिरोला दर महिन्याला काहीतरी घडले पाहिजे, पण त्याचे आयुष्य खर्ची पडता कामा नये. म्हणून त्याच्या कथेतला काळ धूसर ठेवावा लागतो. चाहत्यांची समीक्षा नेमकी या धूसरपणाविरुद्ध असते. निर्माता काळ विसरायला लावतो, वाचक तो मोजत राहतो.

३

महाराष्ट्रात याच काळात काय घडत होते? मुखवटाधारी वा दुहेरी जीवन जगणारा नायक मराठी वाचकाला नवा नव्हता. बाबूराव अर्नाळकरांच्या काळापहाड आणि झुंजार यांच्या कथांनी तशी अभिरुची आधीच तयार केली होती. मार्च १९६४ मध्ये मुंबईहून टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. इंग्रजीबरोबर भारतीय भाषांतून, त्यांत मराठीतूनही, ते निघाले. आधी मासिक, पुढे पाक्षिक व साप्ताहिक असे होत ते १९९० पर्यंत चालले. ली फॉक यांचा फँटम येथे ‘महाबली वेताळ’ झाला आणि त्याचाच मँड्रेक ‘जादूगार’. डिसेंबर १९७६ पासून आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ हा भारतीय नायकही त्यांच्या पंक्तीला आला.

येथे ‘ताजा अंक’ या संज्ञेचा अर्थच बदलतो. फँटमची मूळ मालिका १७ फेब्रुवारी १९३६ पासून अमेरिकी वृत्तपत्रांतून रोज एक पट्टी याप्रमाणे येत होती. इंद्रजालने त्या पट्ट्या सोडवून पुस्तिकेच्या पानांत बसवल्या. पृष्ठसंख्येच्या मापासाठी चौकटी गाळल्या, जोडल्या. कथांचा क्रम निर्मितीचा नव्हता, प्रकाशकाच्या सोयीचा होता. विल्सन मॅकॉय यांची १९४० व ५० च्या दशकांतील साधी, जाड रेषा आणि १९६१ नंतरची साय बॅरी यांची वास्तवदर्शी रेषा मराठी वाचकाच्या हाती मागेपुढे अशा उलटसुलट क्रमाने पडली. अमेरिकी वाचकासाठी ताजा अंक म्हणजे आज निर्माण झालेला अंक. मराठी वाचकासाठी आज आपल्यापर्यंत पोचलेला. रद्दीच्या दुकानातून, भाड्याने पुस्तके देणाऱ्या छोट्या वाचनालयातून किंवा मित्राशी अदलाबदल करून मिळालेला जुना अंकही त्याच्यासाठी ताजाच असे.

यामुळे या वाचकाच्या समीक्षेपुढचे कामही वेगळे झाले. अमेरिकी चाहता दिलेल्या क्रमातील विसंगती शोधत होता. मराठी वाचकाला मुळात क्रमच रचावा लागत होता. डायनाशी लग्न झालेला वेताळ आणि तिची नुसती वाट पाहणारा वेताळ यांची कथा कोणती आधीची, हा प्रश्न अंकावरच्या क्रमांकाने सुटत नव्हता. मूळ मालिकेत हे लग्न १९७७ च्या अखेरीस झाले, पण त्याआधीच्या कथा नंतरही हाती येत राहू शकत होत्या. चित्रशैली, वेशभूषा, पात्रांची वये यांवरून काळ ठरवणे हे पाठचिकित्सकाचे काम आहे. हस्तलिखितांची वंशावळ लावणाऱ्या संशोधकाला आपण विद्वान म्हणतो; पुस्तिकांची वंशावळ लावणाऱ्या मुलाला तसे म्हणण्याची गरज नाही, पण दोघांच्या रीतीतील साम्य नाकारण्याचेही कारण नाही.

४

भाषांतराने या वाचनात आणखी एक थर घातला. ‘फँटम’साठी ‘भूत’ हा शब्द चालला असता. निवडला गेला ‘वेताळ’. मराठी मनात वेताळ हा भुतांचा राजा आहे, वेताळपंचविशीतील चतुर प्रश्नकर्ता आहे आणि कोकणात व गोव्यात तो ग्रामरक्षक देवही आहे. वेंगुर्ले तालुक्यातील आरवली येथे वेतोबाला मोठाली चामडी पायताणे वाहतात. देव रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो, म्हणून ती झिजतात, अशी श्रद्धा आहे. ली फॉकच्या नायकाचे मूळ बिरुद ‘चालणारे भूत’ असे आहे. त्याच्या वंशातील पुरुष १५३६ पासून पिढ्यान्‌पिढ्या एकच मुखवटा धारण करतात, त्यामुळे जंगलातील लोक त्याला अमर समजतात. रात्री चालणारा अमर रक्षक ही कल्पना मराठी वाचकाकडे आधीपासूनच होती. यूरोपीय वंशाच्या नायकाला तिच्यात सहज जागा मिळाली.

मात्र ही सहजता निरागस नाही. मूळ मालिकेतील देशाचे नाव बंगालशी मिळतेजुळते होते आणि नायकाच्या वंशाचे वैरी असलेल्या चाच्यांचे नाव ‘सिंग’ होते. भारतीय आवृत्तीने देशाला ‘डेंकाली’ आणि चाच्यांना ‘सिंगा’ केले. भारतीय वाचकाला खुपेल ते अशा रीतीने झाकले गेले. जे झाकले गेले नाही ते वेताळ या नावाखाली सुसह्य झाले : एका गोऱ्या घराण्याने चारशे वर्षे जंगलातील काळ्या लोकांवर त्यांच्याच भल्यासाठी अधिकार चालवणे. ग्रामदेवतेच्या अधिकाराबद्दल आपण प्रश्न विचारत नाही. वेताळाच्या अधिकाराबद्दल तो विचारणे म्हणूनच अवघड झाले. चाहत्यांच्या समीक्षेची मर्यादा येथे दिसते. ती कथेच्या जगातील नियम कसोशीने तपासते, पण ते जग कोणी, कोणासाठी रचले हे तपासायला दुसरी दृष्टी लागते. सलगतेची चौकशी ही सत्तेची चौकशी नव्हे.

५

तरीही मुख्य प्रश्न राहतो. हे वाचन, ही क्रमरचना, ही वादावादी मराठीत लेखनरूप का झाली नाही? साधनांचा अभाव हे कारण नव्हते. चाहत्यांची अमेरिकी नियतकालिके ज्या प्रकारच्या स्वस्त प्रतिमुद्रणावर निघत, त्याच प्रकारच्या यंत्रावर १९५५ मध्ये कोलटकर-चित्रे-समर्थ यांचे ‘शब्द’ निघाले होते आणि साठच्या दशकात लघुनियतकालिकांची चळवळ उभी राहिली होती. प्रस्थापित अभिरुचीविरुद्ध बंड करणाऱ्या त्या चळवळीच्या केंद्रस्थानी कविता होती. चित्रकथा बालवाङ्मयाच्या आणि करमणुकीच्या खात्यात राहिली. अभिजात आणि रंजक यांमधील सीमारेषा बंडखोरांनीही फारशी हलवली नाही. गंमत अशी की, १९५४ मध्ये कॉमिक्सवर कठोर हल्ला चढवणाऱ्या फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञानेच १९७३ मध्ये चाहत्यांच्या नियतकालिकांवर सहानुभूतीने पुस्तक लिहिले. संहितेबद्दलचे मत न बदलताही वाचकाची दखल घेता येते, हे त्याला उमगले होते.

मौखिक समीक्षेचे नुकसान असे की तिच्यातून परिभाषा साचत नाही. चौकट, फुगा, रेषा, मधली जागा, भाग, सलगता हे शब्द मराठीत आहेत. त्यांना संज्ञांचे स्थैर्य देणारे वादविवाद छापले गेले नाहीत. याचा परिणाम आज दिसतो. इंद्रजाल थांबल्यावर तेवढ्या सातत्याने येणारी महानायकांची चित्रकथा मराठीत राहिली नाही. १९९० च्या दशकात राज कॉमिक्सचा ‘डोगा’ मुंबईत वावरला, पण हिंदीतून. २००४ मध्ये मार्व्हलच्या परवान्याने निघालेल्या भारतीय स्पायडरमॅनचा पवित्र प्रभाकरही मुंबईचाच; तो इंग्रजीतून आला. त्याच पात्राचा समावेश असलेला चित्रपट २०२३ मध्ये ध्वनिमुद्रित मराठीतूनही प्रदर्शित झाला. महानायक मराठी बोलू लागला आहे, पण त्याच्या नव्या अंकाविषयी बोलायची मराठी घडलेली नाही.

भिवंडी तालुक्यातील पूर्णा आणि तिच्या शेजारची काल्हेर, कशेळी, राहनाळ ही गावे या स्थित्यंतराचे भौतिक रूप दाखवतात. मुंबईच्या जकातहद्दीबाहेर असण्याच्या सोयीमुळे वाढलेला हा गोदामांचा पट्टा २०१७ मध्ये मुंबईची जकात संपल्यावरही वाढतच राहिला आणि ऑनलाइन खरेदीच्या मालाचे मोठे ठाणे झाला. ज्या भिवंडीत मराठी, उर्दू, तेलुगू आणि हिंदी एकाच यंत्रमागाच्या आवाजात बोलल्या जातात, तिच्या वेशीवरून मागवलेल्या मालाची खोकी घरोघर जातात. रद्दीचे दुकान आणि गोदाम या दोन्ही साठवणीच्याच जागा. पण रद्दीच्या ढिगात हात घालणारा वाचक शेजारच्या वाचकाशी बोलत असे, अंक नाकारत असे, बदलून घेत असे. गोदामातून येणारा अंक आधीच निवडलेला, बंद खोक्यातला आणि एकाच नावावरचा असतो. अंक अधिक ताजा झाला. तो पोचवणाऱ्या व्यवस्थेतून वाचकांची भेट मात्र वगळली गेली.

यावरून मराठी समीक्षेपुढे निश्चित काम उभे राहते. आपली स्वागतमीमांसा आजवर अभ्यासक, परीक्षक आणि पाठ्यपुस्तक यांच्या नोंदींवर उभी आहे. हान्स रॉबर्ट याउस यांचे अपेक्षाक्षितिज आपण उद्धृत करतो, पण ते क्षितिज ज्यांच्या डोळ्यांपुढे होते त्या सामान्य वाचकाची साक्ष घेत नाही. इंद्रजालचा मराठी वाचक आज मध्यमवयीन वा वृद्ध आहे. कोणता अंक कोणत्या क्रमाने मिळाला, कोणती चौकट गाळल्याचा संशय आला, वेताळ हे नाव ऐकून प्रथम काय मनात आले, डेंकाली आशियात की आफ्रिकेत यावर काय ठरले, हे त्याला विचारता येते. मराठी पुस्तिका आणि मूळ पट्ट्या शेजारी ठेवून गाळलेल्या चौकटींची यादी करता येते. ही कामे पदव्युत्तर अभ्यासकांच्या आवाक्यातली आहेत आणि साक्षीदार आहेत तोवरच होण्यासारखी आहेत. ती झाली तर वाङ्मयेतिहासात एका वाचकवर्गाची भर पडेल, आणि अपूर्ण कृतीवर मत देणे ही समीक्षेची प्राथमिक अवस्था नसून तिचा स्वतंत्र प्रकार आहे, हे विधान पुराव्यानिशी तपासता येईल.