अर्ध्या झाडाची गोष्ट

परवा दिवेआगरहून आत्याचा फोन आला. पाऊसपाणी, गुडघे, नातवंडं असं सगळं बोलून झाल्यावर तिने नेहमीचा प्रश्न विचारलाच, "काय रे, तुमचं ते अर्धं झाड उभं आहे ना अजून?" मी म्हटलं, "आहे." "मग ठीक," म्हणून तिने फोन ठेवून दिला.

घरच्यांना या प्रश्नाची आता सवय झाली आहे. पण ब्लॉगवरच्या मंडळींना ही अर्ध्या झाडाची भानगड ठाऊक नाही. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज लिहूनच टाकतो.

आम्ही गोवंडीला राहतो, स्टेशनपासून देवनारच्या बाजूला चालत दहा-बारा मिनिटांवर. तीन इमारती आणि मध्ये चौक. बांधकाम १९७०च्या दशकातलं. गोवंडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा डम्पिंग ग्राउंड येतं, आणि त्यात खोटं काही नाही. कुर्ल्याहून चेंबूरकडे १९०६ साली रेल्वेचा फाटा आला तोच मुळी शहराचा कचरा वाहून न्यायला. माणसांसाठी गाडी सुरू झाली ती १९२४ साली. १९२७ पासून देवनारला कचरा पडू लागला. खाडीकाठची दलदल, तिच्यावर भराव आणि भरावावर वस्ती, असा या भागातल्या बऱ्याच जागांचा इतिहास आहे. अशा जमिनीत मोठ्या झाडाचं मूळ खोल जात नाही, आडवं पसरतं. ही गोष्ट मला फार उशिरा कळली, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आमच्या चौकात दोन मोठी झाडं होती. एक गुलमोहर आणि एक पर्जन्यवृक्ष, म्हणजे रेन ट्री. बाबा आणि त्यांच्याबरोबरच्या दोन-तीन बिऱ्हाडांनी १९७४ साली ती लावली. तेव्हाच्या नव्या वसाहतींमधून हीच झाडं लावायची पद्धत होती, कारण ती भराभर वाढतात आणि पाच-सात वर्षांत सावली देतात. खरं तर दोघंही परदेशी पाहुणे. पर्जन्यवृक्ष मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, गुलमोहर मादागास्करचा. आपल्या देशात गुलमोहर पहिल्यांदा दिसला तो १८४०च्या सुमारास शिवडीला, असं सांगतात. म्हणजे उतरला तोही आमच्या हार्बर लाईनवरच!

१७ मे २०२१. तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या बाजूने गुजरातकडे चाललं होतं. कोविडचे दिवस, त्यामुळे सगळे घरातच. दुपारी कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटरपर्यंत गेला. सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस झाला, मे महिन्यात! त्याच वादळात समुद्रात पी-३०५ हा तराफा आणि वरप्रदा ही टगबोट बुडून ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्यापुढे आमची दोन झाडं म्हणजे काहीच नाही, हे मला कळतं. पण आपापल्या अंगणात जे घडतं तेच आपण जवळून बघतो.

दुपारी तीनच्या सुमारास गुलमोहर पडला. मोठा आवाज वगैरे झाला नाही. दक्षिणेचा वारा होता, झाड उत्तरेकडे सावकाश कललं आणि सायकलींच्या शेडवर आडवं झालं. थोड्या वेळाने पर्जन्यवृक्षाची एक मोठी फांदी खोडापासून फाटून लोंबकळली. फांदी कसली, अर्धं झाडच ते. माणसं घरात होती म्हणून कोणाला काही झालं नाही.

संध्याकाळी आत्याला कळवलं. तिची पोफळीची वाडी आदल्याच वर्षी, ३ जून २०२०ला, निसर्ग वादळात झोपली होती. तिने हळहळ वगैरे काही केली नाही. एवढंच म्हणाली, "वारा ओसरेपर्यंत खाली जाऊ नका, आणि तोडायची घाई करू नका. आधी मुळं बघ."

दुसऱ्या दिवशी मुळं बघितली. उपटलेल्या गुलमोहराच्या बुंध्याशी मातीचा मोठा थाळा उभा राहिला होता. उत्तरेच्या बाजूला मुळं होती, जाड आणि लांब. दक्षिणेच्या बाजूला जवळजवळ नव्हतीच. होती ती थोटकं, आणि त्यांची टोकं तुटलेली नव्हती, कापलेली होती. एका सरळ रेषेत. जुनी, काळी पडलेली.

ती रेषा मी ओळखली. २०१२ साली आम्ही चौकात नवी ड्रेनेज लाईन टाकली आणि वर पेव्हर ब्लॉक बसवले. त्या वर्षी मी कमिटीत होतो. चर खणताना मुळं आडवी आली तेव्हा माणसांनी विचारलं होतं, "साहेब, काय करायचं?" मी घाईत होतो. "कापा," म्हणालो. झाड त्यानंतर नऊ वर्षं फुलत राहिलं, त्यामुळे मी ते पार विसरलो होतो.

नंतर वाचताना समजलं की वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूची मुळं जहाजाच्या दोरासारखी ताणली जातात आणि झाडाला धरून ठेवतात. दोर आम्ही कापले होते, फक्त दक्षिणेचा मोठा वारा यायला नऊ वर्षं लागली. आत्याला हे सांगितलं तर ती सरळ म्हणाली, "मग तुम्हीच पाडलंत की रे."

थोडं विषयांतर करतो. मुंबईच्या वादळांबद्दल शोधलं की १८८२ सालच्या एका महाभयंकर चक्रीवादळाची हकीकत सापडते, त्यात एक लाख माणसं मेली म्हणे. अमिताव घोष यांनी 'द ग्रेट डिरेंजमेंट' (२०१६) या पुस्तकात या गोष्टीचा माग काढला आहे. त्या वादळाचा कुठेही पुरावा नाही, ते झालंच नव्हतं! याउलट खरी वादळं विसरली गेली. मे १६१८मध्ये वसई-मुंबईला तडाखा बसल्याची पोर्तुगीजांच्या काळातली नोंद आहे. नोव्हेंबर १८५४च्या वादळात हजाराच्या आसपास माणसं गेली. आणि नोव्हेंबर १९४८चं वादळ तर अगदी आपल्या आजी-आजोबांनी पाहिलेलं. आमच्या चौकात १९७४ साली झाडं लावणाऱ्यांमध्ये १९४८ आठवणारी माणसं नक्कीच असणार. पण मुंबईला वादळ येत नाही, अशीच आमची सगळ्यांची समजूत होती. न झालेलं वादळ लक्षात राहिलं आणि झालेली विसरलो. माझंही २०१२च्या बाबतीत तेच झालं. असो.

आता पर्जन्यवृक्षाचं काय करायचं? त्याच आठवड्यात गच्चीवर अंतर ठेवून आणि मास्क लावून मीटिंग झाली. बहुतेकांचं मत एकच पडलं, मुळापासून काढा. त्यांना चूक म्हणायची माझी हिंमत नव्हती. जुलै २०१७मध्ये इथून जवळच, चेंबूरच्या स्वस्तिक पार्कात, फिरायला निघालेल्या एका बाईंवर नारळाचं झाड कोसळलं आणि त्या गेल्या. ते झाड काढावं म्हणून आधीच अर्ज केलेला होता, असं तेव्हा पेपरांतून आलं होतं. ती बातमी आमच्यातल्या कोणीच विसरलेलं नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "तुझ्या वडिलांचं झाड आहे हे खरं, पण खाली माझी नात खेळते." यावर काय बोलणार?

परवानगी तर दोन्ही गोष्टींना लागणारच होती. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५चा कायदा आहे. झाड आपल्या आवारातलं असलं तरी ते तोडायला किंवा छाटायला वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. मुंबईच्या २०१८च्या गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं भरली, त्यातली जवळजवळ निम्मी अशीच खासगी आवारांतली आहेत. म्हणजे शहराची निम्मी झाडं आमच्यासारख्या कमिट्यांच्या हातात. विचार केला की जरा भीतीच वाटते.

अर्जात नेमकं काय मागायचं हे ठरायला आठवडाभर वेळ होता. त्या दिवसांत मी रात्री नेटवर वाचत बसायचो आणि इंग्लंडमधली एक हकीकत सापडली. १५-१६ ऑक्टोबर १९८७च्या रात्री दक्षिण इंग्लंडात मोठं वादळ झालं आणि दीड कोटीच्या आसपास झाडं पडली. लंडनच्या क्यू बागेत १७९८ साली लावलेला टर्नर्स ओक नावाचा वृक्ष होता, काही वर्षांपासून खंगत चाललेला. वाऱ्याने तो मुळांसकट उचलला आणि पुन्हा त्याच खड्ड्यात ठेवला. कामं इतकी होती की माळ्यांनी त्याला टेकू दिले आणि नंतर बघू म्हणून सोडलं. तीन वर्षांनी बघतात तर झाड पूर्वीपेक्षा टवटवीत! माणसांच्या पायांनी घट्ट झालेली माती त्या वादळाने मोकळी केली होती, मुळांना हवा मिळाली होती. दुसरं असं की काही जंगलांत पडलेली झाडं घाईने यंत्रं घालून साफ केली, आणि त्या सफाईने वादळापेक्षा जास्त नुकसान केलं असं पुढे जाणकारांनी लिहिलं. जिथे हात लावला नाही तिथे रोपं आपोआप उगवली.

हे मीटिंगमध्ये सांगितल्यावर एक जण म्हणाले, "अहो, ते लंडन. ही गोवंडी." बरोबरच होतं. म्हणून बाबांच्या एका स्नेह्यांना बोलावलं. झाडांच्या कामात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी तासभर झाडाभोवती फिरून लाकडी हातोडीने खोड ठोकलं, बुंध्याशी माती उकरली आणि मग म्हणाले, "खोड भरीव आहे, मुळं चारी बाजूंना आहेत. तुमचा चर याच्यापासून लांबून गेला म्हणून वाचलं. हमी मी देणार नाही. पण आज काढायचं कारण मला दिसत नाही."

त्यांनी सांगितलं तसं केलं. लोंबकळणारी फांदी एकदम न कापता दोर बांधून तीन घावांत उतरवली. आधी खोडापासून हातभर लांब, खालून थोडा काप. मग त्याच्या जरा पुढे वरून पूर्ण काप, म्हणजे पडताना साल सोलली जात नाही. शेवटी उरलेलं थोटूक, फांदी खोडाला मिळते तिथला फुगीर काठ शाबूत ठेवून. ताणात वाकलेल्या लाकडाला चुकीच्या बाजूने करवत लावली तर ते उसळून माणसाला मारतं, म्हणून बघ्यांना त्यांनी आधी हाकलून लावलं. जखमेवर डांबर किंवा सिमेंट लावायला साफ नकार दिला. अमेरिकेतल्या अ‍ॅलेक्स शिगो या संशोधकाने हजारो झाडं चिरून हेच दाखवलं होतं. आपली जखम जशी भरते तशी झाडाची भरत नाही. झाड तो भाग आतून कोंडून टाकतं आणि त्याभोवती नवीन लाकूड वाढवतं. आपण वरून लिंपलेलं त्याच्या काही उपयोगाचं नसतं.

मग बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक काढले. दिल्लीत २०१३ सालीच हरित लवादाने झाडांभोवती मीटरभर जागा मोकळी सोडायचा आदेश दिला होता. आम्ही २०१२ साली ब्लॉक बुंध्याला चिकटवून बसवले होते, ते काढायला वादळ यावं लागलं. काकूंच्या नातीसाठी घसरगुंडी दुसऱ्या टोकाला हलवली, बाक हलवला, गाड्या हलवल्या. झाडाखाली काहीच ठेवलं नाही. म्हणजे झाड पडलंच तर कोणावर पडू नये, एवढी तजवीज केली. मला वाटतं काकूंना पटलं ते यामुळेच. माझ्या लंडनच्या गोष्टीमुळे नव्हे.

त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षांपुढच्या झाडांना हेरिटेज ट्री मानायचं ठरलं. आमच्या पर्जन्यवृक्षाने आता पन्नाशी ओलांडली आहे. एका बाजूला कललेला, भांग पाडल्यासारखा दिसतो. संध्याकाळी अजूनही पानं मिटतो. दरवर्षी एप्रिलमध्ये आम्ही त्याची तपासणी करून घेतो आणि सोसायटीच्या हिशोबात त्याचं एक वेगळं खातं आहे. वार्षिक सभेत कोणी ना कोणी त्या खर्चावर बोट ठेवतंच. पुढच्या एखाद्या वादळात तो पडणार नाही असं मी कोणालाही सांगत नाही.

गुलमोहराच्या जागी आम्ही लगेच काही लावलं नाही. तिथून ड्रेनेज लाईन जाते. तिचा नकाशा कमिटीच्या कपाटात कुठेच नव्हता, म्हणून मीच आठवून आठवून एक काढला आणि फाईलमध्ये लावला. त्यावर लाईन कुठून जाते, मुळं कुठे कापली आणि कोणत्या वर्षी, हे लिहिलं. खाली माझी सही केली. पुढच्या वेळी चर खणणारी माणसं "काय करायचं?" असं विचारतील तेव्हा कमिटीत जो कोणी असेल, त्याने तो कागद आधी बघावा.

तुमच्या सोसायटीतल्या झाडांखालून काय काय जातं, माहीत आहे का तुम्हाला? एकदा विचारून बघा.