वर्ध्याहून कोकण: दीपगृहं, किनाऱ्यावरची गावं आणि तिथलं जेवण, जाण्याआधी एवढं वाचा

वर्ध्याहून मुंबई रेल्वेने साधारण ७६० किलोमीटर. आपली वर्धा नदीही त्या बाजूला जात नाही. ती वैनगंगेला मिळते, पुढे प्राणहिता होते आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागरात पोहोचते. त्यामुळे अरबी समुद्र आपल्यासाठी सुट्टीत बघायची गोष्ट. नदी-तलावाची सवय असलेल्यांना भरतीचा अंदाज येत नाही, दीपगृहाच्या वेळा माहीत नसतात आणि जूनमध्ये जाऊन ताज्या सुरमईची चौकशी होते. म्हणून निघण्याआधी या काही गोष्टी समजून घेऊ.

दीपगृह नेमकं काय सांगतं?

दीपगृह म्हणजे फक्त उंचावरचा मोठा दिवा नाही. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप ठरलेली असते. किती सेकंदांनी किती वेळा प्रकाश चमकतो, हे मोजून खलाशी नकाशावर ओळखतो की आपण जयगडसमोर आहोत की देवगडसमोर. दिवसा प्रकाश दिसत नाही, तेव्हा मनोऱ्याचा रंग आणि पट्टे ओळख पटवतात.

प्रकाश दूरवर जातो तो भिंगामुळे. फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगस्टिन फ्रेनेल यांनी १८२०च्या दशकात काचेच्या कड्यांचं भिंग तयार केलं. चहूकडे पसरणारा प्रकाश ते एका झोतात आणतं. तरी पृथ्वी गोल असल्यामुळे मर्यादा येतेच. दिवा समुद्रसपाटीपासून ४० मीटर उंचीवर असेल, तर तिथून क्षितिज सुमारे २२ किलोमीटरवर असतं. म्हणूनच बहुतेक दीपगृहं टेकडीवर किंवा किल्ल्याच्या टोकावर दिसतात.

जीपीएस असताना यांची गरज काय?

मोठ्या जहाजांकडे जीपीएस असतं, पण यंत्र बिघडू शकतं, सिग्नल जाऊ शकतो. छोट्या होडीतून रात्री परतणाऱ्या मच्छीमाराला किनाऱ्यावरचा ओळखीचा प्रकाश आजही खात्रीचा वाटतो. त्यामुळे दीपगृहं सुरूच आहेत. १९२७च्या दीपगृह कायद्याची जागा २०२१मध्ये नव्या कायद्याने घेतली. फेब्रुवारी २०२४मध्ये देशभरातल्या ७५ दीपगृहांवर पर्यटन सुविधांचं लोकार्पण झालं. पण ही आधी कामाची जागा आहे. प्रवेश ठरावीक वेळातच, बहुधा दुपारनंतर आणि किरकोळ तिकीट काढून मिळतो. त्या दिवशीची वेळ गावात विचारूनच वर चढा.

कोणती गावं, कोणती दीपगृहं?

*कोर्लई (रायगड):* रेवदंड्याजवळ, कुंडलिका खाडीच्या मुखाशी. किल्ल्यावर जाणारी वाट दीपगृहाजवळूनच सुरू होते. किल्ला पोर्तुगीजांचा. १७४०मध्ये त्यांची सत्ता इथून गेली, पण भाषा राहिली. गावातला ख्रिस्ती समाज आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिसळणीतून घडलेली स्वतःची बोली बोलतो. तिला ते 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. बोलणारे साधारण हजारभरच उरले आहेत. व्हिडिओसाठी कुणालाही 'जरा बोलून दाखवा' म्हणण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

*हर्णै (रत्नागिरी):* दीपगृह कनकदुर्गावर, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून २०२५मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी हा एक. बंदरावरचा मासळीचा लिलाव बघण्यासारखा असतो. व्यवहाराच्या मध्ये न येता कडेला उभे राहा.

*अंजनवेल (रत्नागिरी):* गुहागरजवळचं टाळकेश्वर दीपगृह. शेजारी गोपाळगड आणि दाभोळची खाडी.

*जयगड (रत्नागिरी):* गणपतीपुळ्याला जाणारे बरेचजण पुढे जात नाहीत. जयगड तिथून जवळ आहे; किल्ला आणि दीपगृह एकाच फेरीत होतात.

*देवगड (सिंधुदुर्ग):* दीपगृह किल्ल्यातच आहे. एप्रिल-मेमध्ये गेलात तर आंब्याचा हंगाम सापडतो.

भरती कधी? कॅलेंडर बघा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. दोन्हींत साधारण सहा तासांचं अंतर असतं आणि वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. कोकणात त्यासाठी एक सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमारास. एकादशीला सव्वाआठ. हा अंदाज आहे, जागेनुसार वेळ थोडी बदलते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि ओढही वाढते.

ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या खडकांवर दूर जाऊन फोटो काढत बसलं, की परतीची वाट पाण्याखाली जाऊ शकते. विहिरीत, नदीत पोहता येणं इथे पुरेसं नाही. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. किनाऱ्यावरचा माणूस 'आत जाऊ नका' म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नका.

ताटात काय, आणि कधी?

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीवर बंदी असते. हा माशांच्या प्रजननाचा काळ. या दिवसांत ताज्या समुद्री मासळीचा आग्रह धरू नका; सुकट, सोडे, बोंबील असा सुका बाजार मात्र असतो.

सावजीची सवय असलेल्यांना इथलं कालवण वेगळं लागेल. इथे जोर नारळावर आणि आंबटपणावर. आंबटपणा कोकमाचा, आणि बांगड्याच्या आमटीला तिरफळाचा वास. पिवळा रंग हळदीचा. कोकमाला जसं भौगोलिक मानांकन आहे, तसं ते आपल्या जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीलाही आहे.

शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही. ओल्या काजूची उसळ, वालाच्या डाळिंब्या, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, घावणे, उकडीचे मोदक आणि सोलकढी. हिवाळ्यात रायगडात गेलात तर पोपटी विचारा: भांबुर्ड्याचा पाला लावून मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, त्यात अंडी, चिकनही घालतात.

घरगुती खानावळीत सकाळीच फोन करून किती माणसं आहात ते सांगा. तिथे मागणीप्रमाणे स्वयंपाक होतो. सांगून न जाणं म्हणजे त्या घराचं सरळ नुकसान.

वर्ध्याहून कसं जायचं?

नागपूर-मडगाव विशेष गाडी वर्ध्यावरून थेट कोकणात जाते. ती विशेष गाडी असल्यामुळे चालू आहे का, कोणत्या वारी आहे, हे आधी तपासा. नाहीतर मुंबईच्या बाजूला उतरून कोकण रेल्वे पकडा. हर्णैसाठी खेड, गुहागरसाठी चिपळूण, जयगडसाठी रत्नागिरी, देवगडसाठी कणकवली ही सोयीची स्थानकं. कोर्लईला अलिबागमार्गे रस्त्याने जावं लागतं.

गाडीने जाणार असाल तर समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातूनच जातो आणि जून २०२५पासून तो भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण सुरू आहे. किनाऱ्याने फिरताना खाड्या आडव्या येतात. आगरदांडा-दिघी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ इथे गाडीसकट फेरीबोटीने पलीकडे जाता येतं. बराच वळसा वाचतो.

थोडक्यात

पहिल्यांदा जात असाल तर ऑक्टोबर ते मे हा काळ निवडा. चार दिवसांत सगळा किनारा गाठायचा प्रयत्न नको. एक तालुका, एक दीपगृह आणि दोन-तीन गावं पुरेत. मुक्काम गावातल्या घरगुती निवासात केलात तर पैसा गावातच राहतो. आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. वर्ध्याचा गोरसपाक पिशवीत असू द्या, गप्पा लवकर सुरू होतील.